जुन्या मोटरसायकलचे मीटर आतून साफ करताना या चुका टाळा

म्हैसूरला १९६१ ते १९९६ या काळात तयार झालेल्या जावा आणि येझदी गाड्यांची मीटरे आज काचेच्या आतून धुरकट झालेली दिसतात. धुळीमुळे ती क्वचितच बिघडतात. बिघडतात ती घाईने उघडून धुतल्यामुळे. गाडी चालताना फिरणारी केबल मीटरमधला एक लोहचुंबक फिरवते, त्याभोवती कुठेही न टेकणारी ॲल्युमिनियमची पातळ वाटी असते, आणि चुंबक फिरू लागला की वाटीत निर्माण होणारे विद्युतप्रवाह तिला त्याच दिशेने ओढतात, तर केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या ओढाताणीत जिथे समतोल साधतो तिथे काटा स्थिरावतो.

म्हणूनच आत तेलाचा किंवा गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा फवारा मारणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. चुंबक आणि वाटी यांमधल्या फटीत तेल शिरले की काटा खऱ्या वेगापेक्षा पुढे पळतो किंवा चिकटून बसतो. हे तेल पुष्कळदा केबलमधूनच येते, कारण आतल्या तारेचे पीळ फिरताना ग्रीस वर चढवतात. केबलला ग्रीस हलकेच लावावे आणि मीटरकडचा सुमारे पंधरा सेंटिमीटरचा भाग कोरडा ठेवावा.

डायलवर थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट लावू नये. आकडे कापसाबरोबर निघून येतात आणि ते परत मिळत नाहीत. किलोमीटरच्या चकत्यांनाही हाच नियम लागू आहे. मऊ कोरडा ब्रश आणि कॅमेऱ्याची काच साफ करण्याचा रबरी फुगा पुरेसा असतो. कॉम्प्रेसरची हवा मात्र स्प्रिंग वाकवते. फार जुन्या, विशेषतः लष्करी गाड्यांच्या डायलवर अंधारात चमकणारा रंग असेल, तर तो रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग उरतो, त्यामुळे असा डायल खरवडू नये, किंबहुना ते मीटर उघडूच नये.

काटा काढताना बहुतेकांची गफलत होते. शून्यापाशी काटा एका खिळीला टेकलेला असतो, पण स्प्रिंगचा ताण त्याला त्याहूनही मागे नेऊ पाहत असतो. काटा खिळीवरून अलगद उचलून पलीकडे सोडावा, तो जिथे आपोआप थांबतो ती जागा टिपून ठेवावी आणि मगच तो काढावा. ही खूण घेतली नाही, तर पुन्हा बसवलेले मीटर कायम चुकीचा वेग दाखवते.

काचेवरची दुमडलेली रिम एकाच जागी जोर लावून उचकटू नये. थोडी थोडी उचलत तीन-चार फेऱ्या माराव्यात. बंद करताना झटपट चिकटणारा गोंद वापरल्यास त्याच्या वाफेचा पांढरा थर काचेवर आतून बसतो, तर व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या सिलिकॉनची वाफ आतील धातू गंजवते. कोकणात पावसाळी, दमट हवेत बंद केलेल्या मीटरमध्ये ओलही कोंडली जाते, तेव्हा हे काम कोरड्या दिवसांसाठी राखून ठेवावे.

जुन्या ब्रिटिश गाड्यांवरच्या स्मिथ्स क्रोनोमेट्रिक मीटरचा काटा झटक्याझटक्याने सरकतो. तो बिघाड नव्हे, आतील घड्याळासारख्या यंत्रणेचा तो स्वभावच आहे. इतर मीटरांत मात्र काटा थरथरत असेल, तर दोष बहुधा कोरड्या किंवा मुरगळलेल्या केबलचा असतो. किलोमीटर पुढे सरकत असून काटा स्तब्ध राहिला, तर वाटी, स्प्रिंग किंवा काट्याची पकड तपासावी. दोन्ही थांबले असतील, तर मीटर उघडण्यापूर्वी केबल मीटरकडून सोडवून गाडी थोडी ढकलावी आणि आतली तार फिरते का ते पाहावे.