"रक्त तपासले का?" : आरोग्य मानसशास्त्र शिकताना

मानसशास्त्राच्या पदवीच्या तिसऱ्या वर्षी प्रकल्पासाठी मी गोव्यातील डिचोली तालुक्यातील एका आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून मधुमेही रुग्णांच्या मुलाखती घेत असे. तिथे पंचेचाळिशीच्या एक बाई मला म्हणाल्या, "अंगात त्राणच उरलेले नाही गो बाय, सकाळी उठवत नाही." त्यांचा मुलगा नोकरीसाठी आखातात गेलेला, सासू अंथरुणाला खिळलेली आणि घरचे सगळे त्यांच्याच अंगावर. एवढे ऐकल्यावर मी वहीत 'ताणामुळे आलेला थकवा' अशी नोंद केली आणि त्यांना दीर्घ श्वसन करून दाखवले. संध्याकाळी माझ्या मार्गदर्शक प्राध्यापिकांनी ती नोंद वाचली आणि एवढेच विचारले, "त्यांचे रक्त तपासले का?" दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितले, तपासणी झाली, आणि हिमोग्लोबिन बरेच कमी निघाले.

या पदवीला येऊ इच्छिणाऱ्यांना मी हा प्रसंग सर्वांत आधी सांगते, कारण 'समग्र आरोग्य' हे शब्द ऐकून आलेल्या बहुतेकांची, माझ्यासारखीच, अशी समजूत असते की येथे शरीर बाजूला ठेवून मनाकडे पाहायला शिकवतात. जॉर्ज एंगेल या अमेरिकी वैद्यकतज्ज्ञाने 1977 साली जैव-मनो-सामाजिक प्रतिमान मांडले, तेव्हा त्याची तक्रार वैद्यक केवळ शरीराकडे पाहते अशी होती. पण त्याच्या मांडणीत शरीर, मन आणि समाज या तिन्हींची चौकशी सारख्याच काटेकोरपणे करायची असते. मी त्यातले पहिले पद गाळले होते. समग्रतेने काम सोपे होत नाही, ते तिपटीने वाढते, आणि ज्याला ही वाढीव मेहनत आवडेल त्यानेच या वाटेला यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी बी. ए. ला मानसशास्त्र हा मुख्य विषय घेतला आणि निवडीच्या विषयांत व प्रकल्पात आरोग्य मानसशास्त्रावर भर दिला. पहिल्या वर्षी संवेदना, स्मृती, अध्ययन, प्रेरणा असे पायाभूत घटक असतात आणि त्यांत आरोग्याचा उल्लेख क्वचितच येतो. तेथे निराश होऊ नये. पुढे ताण आणि त्याला तोंड देण्याच्या पद्धती, दीर्घकालीन आजार, वेदना, व्यसने, औषधोपचारातील सातत्य हे विषय येतात, तेव्हा पहिल्या वर्षीचे सगळे उपयोगी पडते. सामाजिक घटकांचे प्रकरण शिकताना मला पुस्तकाबाहेर फार शोधावे लागले नाही. 2012 साली लोहखनिजाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा आमच्या भागात खनिज वाहण्यासाठी हप्त्यांवर घेतलेले ट्रक अंगणात उभे राहिले, आणि त्या घरांतील झोप, दारू, रक्तदाब यांविषयी मी लहानपणी जे ऐकत होते त्याचा अर्थ वर्गात बसल्यावर लागला.

संख्याशास्त्राला मुले घाबरतात आणि काही जण त्याच कारणाने विषय बदलतात. मला त्याची गरज पटली ती आबे फारीय यांच्यामुळे. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी त्यांचा पुतळा आहे. कांदोळीत 1756 साली जन्मलेल्या या गोमंतकीय धर्मगुरूने पॅरिसमध्ये दाखवून दिले की संमोहनाची अवस्था, तेव्हा अनेक जण मानत तसे, कोणत्याही चुंबकीय द्रवामुळे येत नाही, ती त्या व्यक्तीच्या स्वतःच्या मनातून, सूचनेला मिळालेल्या प्रतिसादातून येते. अपेक्षेचे सामर्थ्य एवढे असेल, तर 'अमुक उपचाराने मला बरे वाटले' या अनुभवावरून त्या उपचाराचा गुण सिद्ध होत नाही. त्यासाठी तुलनेचा गट लागतो, चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे केलेली विभागणी लागते आणि मोजमाप लागते. योग, ध्यान, आयुर्वेद यांचा अभ्यास करायचा असेल तर हे अधिकच आवश्यक आहे. गोव्याच्या किनारपट्टीवर स्वास्थ्याच्या नावाने जे जे विकले जाते, त्यातले काय टिकणारे आणि काय नाही, हे सांगता आले नाही तर या पदवीचा उपयोग काय?

ही पद्धत दूर कुठे घडलेली आहे असेही नाही. संगाथ ही मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारी संस्था 1996 साली गोव्यातच सुरू झाली, आणि तिच्या संशोधकांनी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेल्या चाचण्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या स्थानिक स्त्री-पुरुषांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून नैराश्यासाठी सहा ते आठ भेटींचे समुपदेशन करवून घेतले, तर ज्यांना ते मिळाले त्यांची लक्षणे तुलनेच्या गटापेक्षा कमी होतात, असे त्यांत दिसून आले. हे शोधनिबंध दुसऱ्या वर्षापासूनच वाचायला घ्यावेत. सुरुवातीला एका निबंधाला आठवडा लागतो, आणि तेवढा लागू द्यावा.

भाषेविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सर्वांत जास्त कष्ट येथेच पडतात. पुस्तके आणि परीक्षा इंग्रजीत, माझे वाचन मराठीत आणि रुग्णांचे बोलणे कोंकणीत, अशा तीन भाषांमध्ये माझा प्रकल्प अडकला होता. नैराश्य मोजण्याची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांविषयी ती विचारते आणि गुण 0 ते 27 असे मिळतात. त्यातला 'उदास वाटते का' हा प्रश्न मी विचारला की आजी-मावश्या मान हलवून नाही म्हणत, आणि पुढच्याच वाक्यात 'जीव घाबरा होतो', 'डोके जड होते', 'अन्न गोड लागत नाही' असे सांगत. त्यांचे दुःख कमी नव्हते, माझा शब्द त्यांचा नव्हता. म्हणून भाषांतर एकाने करायचे, दुसऱ्याने ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे आणि मूळ इंग्रजीशी ते ताडून पाहायचे, ही पद्धत मी शिकले. शिवाय लोकांच्या तोंडचे असे शब्द टिपण्यासाठी एक वेगळी वही ठेवली. ती वही अजून माझ्या कामी येते.

मधुमेहाच्या मुलाखतींत आणखी एक गोष्ट लक्षात आली. गोड कमी करायला हवे, हे ठाऊक नसलेला रुग्ण मला जवळजवळ भेटलाच नाही. 'चवथ (गणेश चतुर्थी) होऊन जाऊ दे, मग बघू' असे म्हणणारे मात्र पुष्कळ भेटले. ठरवणे आणि करणे यांतील हे अंतर आरोग्य मानसशास्त्राच्या केंद्रस्थानी आहे. 'गोड खाणार नाही' या संकल्पापेक्षा 'कोणी नेवऱ्यांचे (करंज्यांचे) ताट पुढे केले की मी एकच उचलेन आणि ताट पुढे देईन' अशी प्रसंगाला बांधलेली योजना अधिक टिकते, असे संशोधन सांगते, आणि सणासुदीच्या घरात रुग्णाला मान खाली घालावी लागत नाही म्हणूनही मला ती अधिक माणुसकीची वाटते.

आता व्यवहाराचे. केवळ पदवीवर स्वतःला चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेता येत नाही. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेले पुढचे शिक्षण आणि तिच्याकडील नोंदणी लागते. पदवीनंतर संशोधन प्रकल्पांत मुलाखतकार किंवा सहायक म्हणून, तसेच स्वयंसेवी संस्थांच्या आरोग्य उपक्रमांत काम मिळू शकते, पण उपचार करायचे असतील तर पदव्युत्तर शिक्षण धरूनच वर्षांचा आणि पैशांचा हिशेब मांडावा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येते किंवा चौथे वर्ष करून ऑनर्स घेता येते. संशोधनाची ओढ असेल तर चौथे वर्ष करावे. प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: क्षेत्रकार्यासाठी विद्यार्थ्यांना कोणत्या आरोग्य केंद्रात किंवा इस्पितळात पाठवतात, प्रकल्पाला नैतिक मान्यता कोण देते, आणि मुलाखतीत एखाद्या रुग्णाने जीव नकोसा झाल्याचे सांगितले तर विद्यार्थ्याने त्याच क्षणी कोणाला फोन करायचा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्याकडे तयार नसेल, तेथे प्रवेश घेण्याची घाई करू नये.