सोनं चढवण्याआधी

आपल्या ट्रान्झिस्टरचे सोन्याचे संपर्क चढवायला सोमवारी सकाळी 9 ला निर्वात चेंबर आपल्याला मिळतंय, म्हणून हे आजच लिहून ठेवते. मागच्या खेपेला करंट अडला तो पेंटासीनमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या सेंद्रिय अर्धवाहकात नव्हे, सोनं आणि पेंटासीन एकमेकांना भेटतात तिथे. ड्रेन व्होल्टेज, म्हणजे सोन्याच्या दोन संपर्कांमधलं व्होल्टेज, वाढवताना सुरुवातीला करंटची रेघ सरळ चढायची ती वाकून निघाली, तेव्हाच कळायला हवं होतं.

आधी पाणी. संभाजीनगरचं बोअरचं पाणी वाळलं की बादलीला पांढरा थर धरतो, ट्रान्झिस्टर जिच्यावर बनतो त्या चकतीला, म्हणजे वेफरलाही धरणारच. क्षार काढलेल्या, डीआयोनाइज्ड पाण्याचा कॅन आजच भर, सोमवारच्या भरवशावर राहू नकोस. सॉनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात, अ‍ॅसिटोन 10 मिनिटं, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) 10 मिनिटं. मध्ये अ‍ॅसिटोन वाळू द्यायचं नाही, डाग पडतात. आणि कूलर बंद! मे महिन्यातली आपली कोरडी हवा फुकट मिळालेली आहे. ती कूलर लावून दमट करायची आणि मग वेफरवरच्या ऑक्साइडच्या थरावर बसलेल्या पाण्यात चार्ज अडकला म्हणून रडायचं, हे मी एकदा करून बसलेय. घामाचं बघू, रुमाल आण.

सोनं चिकटायला आधी क्रोमियम 3 नॅनोमीटर, त्यावर सोनं 40. क्रोमियम जास्त नको, कारण आपली रचना खालून जोडणीची आहे: सोनं आधी, पेंटासीन त्यावर. होल, म्हणजे करंट वाहणारे धन चार्ज, आत शिरतात ते सोन्याच्या कडेतून, अगदी ऑक्साइडलगत, आणि नेमकी तिथेच क्रोमियमची कड उघडी असते. तिचं वर्क फंक्शन, म्हणजे धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा, सोन्यापेक्षा कमी, म्हणून होलना आत शिरणं अवघड. मास्कच्या, म्हणजे ज्यातून सोनं वेफरवर पडतं त्या झाकणाच्या, फटी मायक्रोस्कोपखाली बघून घे. कचरा असेल तर आताच काढ.

आता खरी गोष्ट. पुस्तकात सोन्याचं वर्क फंक्शन 5.1 इलेक्ट्रॉन-व्होल्ट छापलेलं असतं, ते स्वच्छ सोन्याचं, निर्वातातलं. हवा लागली की ते 4.7 च्या आसपासही उतरतं. पेंटासीनमध्ये होलची पातळी 5 च्या जवळ. फरक 0.3 दिसतो, पण खोलीच्या तापमानाची ऊर्जा 0.025 आहे, म्हणजे भिंत बारा पट उंच. ती उतरवायला पेंटाफ्लुओरोथायोफिनॉल हे रसायन. त्याचं गंधकाचं टोक सोन्याला चिकटतं, फ्लोरिनची बाजू वर राहते, आणि त्या थराच्या डायपोलमुळे (धन-ऋण चार्जच्या जोडीमुळे) वर्क फंक्शन वर सरकतं. शिवाय त्याच्यावर पेंटासीनचे दाणे सोन्याच्या कडेशी तुटत नाहीत. मला तर हा दुसरा फायदाच मोठा वाटतो.

त्याआधी अतिनील प्रकाशानं सफाई करणारा यूव्ही-ओझोन, पण तो सोन्यावर ऑक्साइड चढवतो, म्हणून लगेच एथेनॉलनं धुवायचं. मग एथेनॉलमधलं 10 मिलीमोलर द्रावण, अर्धा तास, आणि पुन्हा ताज्या एथेनॉलनं भरपूर धुणं. न धुता ठेवलंस तर जास्तीचे रेणू ढीग करून बसतात. द्रावण फ्यूम हूडमध्येच उघड; वास कपड्यांतून जात नाही, घरी जेवायला बसू देणार नाहीत.

मोजायला मास्कवर 50, 100, 150 आणि 200 मायक्रॉनचे चॅनेल, म्हणजे दोन संपर्कांमधली अंतरं, आहेत. लांबी मास्कवर छापलेली धरू नकोस, सोनं कडेखाली पसरतं. फोटो काढून मोज. एकूण रोध लांबीसमोर मांडला की रेघ शून्य लांबीला जिथे छेदते तो आकडा दोन्ही संपर्कांच्या रोधाचा. चारही चॅनेलसाठी ट्रान्झिस्टर चालू करणारं गेट व्होल्टेज तेच ठेवून चालत नाही, थ्रेशोल्डच्या, म्हणजे तो चालू होतो त्या व्होल्टेजच्या, वर तेवढंच असायला हवं, नाहीतर रेघ खोटं बोलते. ड्रेन व्होल्टेज लहान.

राहिली वीज. मध्येच गेली तर चेंबरमधली हवा ओढणाऱ्या रोटरी पंपाचं तेल मागे ओढलं जातं आणि त्याची वाफ आपल्या सोन्यावर बसते, मग वरचं सगळं वाया. आधी चेंबरचा व्हॉल्व्ह बंद, नंतर पंपात हवा सोडायची, उलटं नाही. जनरेटरमध्ये डिझेल आहे का, ते वॉचमनमामांना रविवारीच विचारून ठेव.