अर्ध्या तांब्याचं रॉकेट

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकवतो. पोरांना रॉकेटचं वेड लागलं तेव्हा आधी तयार किटचाच विचार केला होता. कागदाची नळी, बाल्साच्या हलक्या लाकडाचे पंख, छोटी छत्री, सगळं छान. पण त्याची मोटर म्हणजे शेवटी ठासलेली दारूच, आणि दारू आली की १८८४ चा स्फोटकांचा कायदा आला. शाळेत ती भानगड कोण करणार? म्हणून पाण्याचं रॉकेट: उलट्या बाटलीत पाणी, त्यावर पंपानं दाबलेली हवा, बूच सुटलं की पाणी खाली आणि बाटली वर.

पहिल्याच दिवशी अडचण आली. आम्ही बाटली गळ्यापर्यंत भरली, हवा मारली, आणि बांधावरून एक आज्जी ओरडल्या, “गुरुजी, प्यायाचं पाणी आभाळात कामून फेकायलाव?” २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या जिल्ह्याला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं या प्रश्नाला उत्तर नसतं. आणि एवढं पाणी घालून रॉकेट उडालं किती, तर शाळेच्या पत्र्याएवढं.

बाटली कोल्ड्रिंकचीच घ्या, दोन लिटरची. पाण्याची बाटली चालणार नाही, ती दाब सोसत नाही. बाटलीला ओरखडा नको, तापवायची नाही, गरम डिंकाच्या बंदुकीनं पंख चिकटवायचे नाहीत. आमची एक बाटली त्या डिंकानंच पातळ होऊन गेली. पंख पॅकिंगच्या तपकिरी टेपनं लावा. ते निवडणुकीच्या जुन्या सनबोर्डाचे मस्त होतात, उमेदवाराचा चेहरा आतल्या बाजूला ठेवा. तीन पंख, सारख्या अंतरावर, तोंडाकडच्या बाजूला. तोंडाच्या खाली वीतभर उतरतील इतके लांब, म्हणजे रॉकेट त्यांच्यावरच उभं राहतं.

वरच्या टोकाला, म्हणजे बाटलीच्या बुडाला, वजन लागतं. मी आपली काळी माती भरली. ओली असताना झकास, वाळल्यावर तिला भेगा पडल्या आणि तिसऱ्या उड्डाणात टोकात खुळखुळा झाला. ही माती शेतातही तेच करते, मला कळायला हवं होतं. आता पोरांची खेळायची रंगीत क्ले भरतो, लिंबाएवढी, आणि वर पुठ्ठ्याचा शंकू. मग रिकाम्या रॉकेटला, जिथं ते तोलून राहतं तिथं, दोरी बांधून डोक्याभोवती फिरवा. टोक पुढं ठेवून फिरलं तर सरळ उडेल. गिरक्या खाल्ल्या तर टोकात क्ले वाढवा नाहीतर पंख मोठे करा.

खरं काम बुचाचं आहे, तिथं घाई करू नका. बाटलीच्या तोंडात घट्ट बसणारं रबरी बूच घ्या. पंक्चरवाल्याकडं मोटारसायकलच्या टाकाऊ ट्यूबचे पितळी वॉल, म्हणजे हवा भरायच्या नळ्या, पडलेले असतात, दोन मागून आणा. बुचाला वॉलच्या जाडीचं भोक पाडून एक वॉल आतून बाहेर काढा. त्याच्या बुडाला चिकटलेलं रबर तोंडात जाईल एवढंच गोल कापून ठेवा. ते आतल्या बाजूला राहिलं की दाब वाढेल तसं आणखी घट्ट बसतं. बाहेरून नट आवळा. या वॉलमधली पिन, म्हणजे हवा परत येऊ न देणारा तुकडा, काढून टाका. त्यावर पाच-सहा मीटर जाड रबरी पाइप क्लिप लावून चढवा, आणि पाइपाच्या दुसऱ्या टोकाला दुसरा वॉल, हा पिनसकट. पंप तिथं लागतो.

पिनेचा हा खटाटोप का? कधीकधी बूच अडकतं, रॉकेट सुटत नाही. भरलेल्या बाटलीपाशी तेव्हा जायचं नाही. पंप काढून लांबूनच पिन दाबली की दाब उतरतो. पाइपातून पाणी पायावर येतं, येऊ द्या.

पंप पायाचा, दाब दाखवणाऱ्या काट्याचा. आमचं बूच ३० ते ४० पीएसआयला सुटतं. काटा ५० ला गेला तर थांबा आणि पिन दाबा. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर पोरं सुचवतीलच, नाही म्हणा. पंप मारणाराही पाइपाच्या टोकाशीच, डोळ्याला चष्मा, आणि बाटलीवर वाकून बघणं बंद.

रान हरभरा काढल्यावरचं घ्या, तुरीचं नको. कापलेल्या तुरीची खुंटं वर बघत पळणाऱ्या पोराच्या पायात घुसतात. विजेच्या तारांपासून लांब. वेळ सकाळी सातची, कारण दुपारी वावटळ सुटते.

आता पाणी. आज्जींच्या बोलण्यावरून आम्ही पाणी कमी करत गेलो. उंची मोजायला वीस मीटरवर एक पोरगी कोनमापक आणि ओळंबा घेऊन उभी. कोन ४५ आला तर उंची वीस मीटर, अधिक तिच्या डोळ्यांची उंची. बूच दर वेळी वेगळ्या दाबाला सुटतं, म्हणून प्रत्येक मापाला पाच उड्डाणं. दीड लिटरला रॉकेट रडतं. एक लिटरला बरं. ६०० मिलीला कोन चाळिशीच्या आसपास गेला. २०० मिलीला पुन्हा खाली.

पोरांना वाटत होतं की पाणी उडवतं. जोर दाबलेल्या हवेचा असतो, आणि पाणी जास्त भरलं की हवेला जागाच उरत नाही. वर ते वजन उचलायचं वेगळंच. पण पाणी अगदीच कमी केलं तर मागं फेकायला वजन राहत नाही, हवा फुस्स करून निघून जाते. बाटलीच्या पाव ते तिसरा हिस्सा पाणी, एवढंच लक्षात ठेवा. आमच्या शाळेतल्या तांब्यानं मोजलं तर अर्धा तांब्या.

दर उतरण्यानंतर बाटली उजेडात धरून बघा. पांढरी रेघ दिसली की ती बाटली भंगारात.

पाणी आम्ही आता हात धुतलेलं वापरतो. आज्जींना बोलावून दाखवलं. त्यांनी वर बघितलं, मग तांब्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, “आनखी कमी हुईल का बघा.”