शाळेच्या स्वयंपाकघराचे वायरिंग आणि माझा चुकलेला अंदाज

एका निवासी शाळेच्या स्वयंपाकघराचे वायरिंग मी घरगुती कामासारखे पॉइंटच्या दराने (प्रत्येक दिवा, पंखा किंवा सॉकेटमागे ठरलेला दर) धरले आणि तिथेच फसलो. काम संपल्यावर रोज सकाळी कणीक मळण्याचे यंत्र, मिक्सर आणि बॉयलर एकत्र सुरू झाले की दोन-चार मिनिटांत मेन एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडू लागला. स्वयंपाकीण मावशी कणकेच्या ओल्या हातानेच तो पुन्हा वर करीत, हे पाहून मला धडकी भरली.

तारेभोवती पकडून प्रवाह मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने सिंगल फेजवर 50 अँपिअरहून अधिक प्रवाह दाखवला. एमसीबी 32 अँपिअरचा होता आणि आपले काम चोख करीत होता. मग मी प्रत्येक यंत्रावरची पाटी वाचून भार लिहून काढला, तेव्हा बेरीज 12 किलोवॉट भरली. हाच भार थ्री फेजवर समान वाटला तर प्रत्येक फेजला साधारण 17 अँपिअर येतात, म्हणून शाळेला वाढीव भाराचा अर्ज करायला लावला. प्रत्येक मोठ्या यंत्राला स्वतंत्र सर्किट दिले, 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवली आणि भांडी धुण्याच्या ओट्याजवळचे सॉकेट हलवले.

नव्या अंदाजपत्रकात केबल मीटरवर, स्विचची पेटी नगावर आणि मजुरी वेगळी दाखवली. स्वयंपाक एक दिवसही बंद ठेवता येत नसल्यामुळे भिंतींची तोडफोड दिवाळीच्या सुट्टीत धरली. दुसऱ्या फेरीची मजुरी मी घेतली नाही. केबलचे पैसे मुख्याध्यापकांनी लगेच मंजूर केले.