घरची पवनचक्की: खोक्यावरचे वॅट आणि हाती येणारे वॅट

पवनचक्कीच्या खोक्यावर ‘१००० वॅट’ छापलेलं दिसलं की माणूस लगेच हिशेब मांडतो: हजार वॅट गुणिले चोवीस तास. तिथेच थांबा. तो आकडा बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा असतो, म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटरचा. एवढा वारा सुटला की आपण वाळत घातलेले कपडे काढायला धावतो! घरातले दिवे मात्र रोजच्या, बेताच्या वाऱ्यावर लागायचे आहेत. म्हणून कुणी चक्की निवडायला बोलावलं की मी दोनच गोष्टी विचारतो: पात्यांच्या फेऱ्याचा व्यास किती आणि जागेवरचा सरासरी वारा किती.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली ताकद आठपट होते. उलटही तितकंच खरं. २ मीटर व्यासाची जी चक्की १२ मीटरच्या वाऱ्यात हजारेक वॅट देते, तीच ४ मीटरच्या वाऱ्यात ३५-४० वॅटवर येते. हा हिशेब वाऱ्यातली ३० टक्के ऊर्जा हाती लागते असं धरून केलाय. कितीही चांगली चक्की असली तरी ५९.३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही. ही जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांनी दाखवलेली मर्यादा. यापेक्षा जास्त देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं.

वारा दिवसभर एका चालीनं वाहत नाही, अधूनमधून जोर धरतो, आणि खरी कमाई त्या जोरातच होते. त्यामुळे सरासरी ४ मीटर वारा असलेल्या मोकळ्या जागी ही चक्की दिवसाला साधारण एक युनिट देते. सरासरी ३ मीटर असेल तर सौर पॅनल घ्या. मी चक्क्या बसवतो, तरी हेच सांगेन.

वारा मोजायचा तो चक्कीच्या उंचीवर, काही महिने, शक्यतो सगळ्या ऋतूंत. अंगणात उभं राहून ‘इथे मस्त वारा लागतो’ हे मोजमाप नव्हे. उंचीचा नियम सोपा आहे: आसपासच्या १५० मीटरमध्ये जे सर्वांत उंच असेल, घर किंवा झाड, त्याच्या वर निदान १० मीटर पाती असावीत. झाड वाढणार, तेही धरा. छपरावर चक्की बसवू नका. घर स्वतःच वाऱ्यात भोवरे उठवतं, चक्की सारखी तोंड फिरवत राहते, वीज कमी मिळते आणि थरथर भिंतींतून थेट झोपायच्या खोलीत पोचते. ताणाच्या तारांनी धरलेला, बुडाशी बिजागरी असलेला खांब उत्तम. तो आडवा करून जमिनीवर उभं राहून दुरुस्ती करता येते.

आता एका युनिटात, म्हणजे १००० वॅट-तासांत, काय चालतं ते पाहू. ९ वॅटचे चार एलईडी दिवे पाच तास: १८० वॅट-तास. ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणारा, पंखा आठ तास: २४०. दिवसरात्र चालणारा १० वॅटचा राउटर: पुन्हा २४०. लॅपटॉप चार तास: २००. दोन फोन: ३०. बेरीज ८९०. उरलेलं इन्व्हर्टर खातो. गीझर, इस्त्री, शेगडी यांचं नावही काढू नका. २००० वॅटचा गीझर हे अख्खं युनिट अर्ध्या तासात संपवतो. फ्रिज चालवायचा तर चक्की मोठी हवी किंवा जोडीला सौर पॅनल हवं. शिवाय त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कैकपट वीज ओढतो, तेवढा झटका सोसणारा प्युअर साइन वेव्ह, म्हणजे घरच्या विजेसारखीच सलग लहर देणारा, इन्व्हर्टर लागतो.

बॅटरी किमान दोन बिनवाऱ्याचे दिवस पुरेल एवढी ठेवा. रोजचं एक युनिट धरलं तर २४ व्होल्टला लेड-अ‍ॅसिड सुमारे १७० अँपिअर-तास, कारण ती निम्म्याखाली उतरवायची नसते. लिथियम आयर्न फॉस्फेट १०० ते ११० पुरते. ही रचना जुनीच आहे. १८८७ मध्ये जेम्स ब्लाइथ यांनी स्कॉटलंडमधल्या मेरीकर्क गावी आपल्या घरातले दिवे असेच, वाऱ्याची वीज बॅटरीत साठवून, लावले होते.

जोडणीचा क्रम असा: चक्कीच्या तीन तारा, ब्रेकचा स्विच, रेक्टिफायर (एसीची डीसी करणारा), चार्ज कंट्रोलर (बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा), बॅटरी, फ्यूज, इन्व्हर्टर. फ्यूज बॅटरीला चिकटूनच. खांब घरापासून लांब असेल तर १२ व्होल्टच्या फंदात पडू नका. त्याच तारेतून तेवढीच वीज ४८ व्होल्टला नेली तर वाया जाणारी वीज सोळा पटींनी घटते. खांबाला स्वतंत्र अर्थिंग द्या.

सर्वांत जास्त लक्ष कंट्रोलरकडे द्या. बॅटरी भरली की साधा सौर कंट्रोलर पॅनल तोडून मोकळा होतो. पॅनलला त्याचं काही नाही. चक्कीचा भार असा सुटला तर ती बेफाम फिरते आणि पाती तुटून उडतात. म्हणून पवनचक्कीचाच कंट्रोलर घ्यावा, जो जादा वीज डंप लोडमध्ये, म्हणजे तापणाऱ्या जाड रेझिस्टरमध्ये, जिरवतो. हा रेझिस्टर चक्कीच्या पूर्ण क्षमतेचा हवा, आणि लाकूड-कापडापासून लांब.

खांब उभा करताना ब्रेक लावलेला ठेवा. आधी बॅटरी जोडा, मग चक्की, आणि शेवटी ब्रेक सोडा. हा ब्रेक म्हणजे तिन्ही तारा एकमेकींना जोडणं, बाकी काही नाही. तो मंद वाऱ्यातच लावायचा. वादळाचा इशारा आला तर वारा चढण्याआधी लावा. पाती वेगात असताना लावला तर चक्की थांबेलच असं नाही, आणि आतली कॉइल जळू शकते. वादळ ओसरल्यावर तारांचा ताण आणि पात्यांचे बोल्ट तपासून मगच ब्रेक सोडा.