वायरच्या बर्गलर अलार्मचे जुने सेन्सर बदलताना

जुना पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून माणसाची हालचाल ओळखणारा) दोन प्रकारे दगा देतो. रिकाम्या घरात उगाच वाजतो, किंवा माणूस समोरून गेला तरी गप्प बसतो. मग लोक सगळंच काढून वायरलेस बसवायला निघतात, आणि ते पाहून मला वाईट वाटतं. पॅनल, म्हणजे अलार्मची मुख्य पेटी, चालू असेल आणि भिंतीतली वायर धड असेल तर फक्त सेन्सर बदला. वायरच्या सेन्सरला सेल लागत नाहीत, हा फायदा सोडू नये. बहुतेक सेन्सर 12 व्होल्ट डीसीवर चालतात आणि साधा रिले संपर्क (विजेवर आपोआप उघडमीट होणारा स्विच) देतात, त्यामुळे पॅनल एका कंपनीचं, सेन्सर दुसरीचा, असं खुशाल चालतं. प्रत्येक सेन्सरला स्वतःचा पत्ता असणारी बस-प्रणाली असेल, तर मात्र त्याच कंपनीचा घ्यावा लागतो.

अलार्म बाहेरच्या मॉनिटरिंगला जोडलेला असेल तर आधी त्यांना कळवा. पॅनल इंजिनियर मोडमध्ये (दुरुस्तीसाठीच्या स्थितीत) टाका, नाहीतर सेन्सरचं झाकण उघडताच टॅम्पर, म्हणजे छेडछाडीचा इशारा, वाजेल. मग घराच्या वीजबोर्डावरून पॅनलचा पुरवठा बंद करा आणि नंतर पॅनलमधल्या बॅटरीची एक वायर काढा. बाहेरच्या सायरनमध्ये स्वतःची बॅटरी असेल तर पुरवठा जाताच तो ओरडू शकतो, शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

आता जुन्या सेन्सरचं झाकण काढा आणि वायरला हात लावण्याआधी जवळून, स्पष्ट फोटो घ्या. कोणता रंग कुठल्या टर्मिनलला आहे ते कागदावरही लिहा. लाल म्हणजे प्लस, काळा म्हणजे मायनस असं धरून चालू नका. बसवणाऱ्याने हाताला येईल ती वायर वापरलेली असते.

सगळ्यात जास्त लक्ष द्या ते टर्मिनलमध्ये अडकवलेल्या बारीक रेझिस्टरकडे. पॅनल त्याचंच मूल्य सतत मोजत असतं, आणि त्यावरून झोन (पॅनलवरचा त्या सेन्सरचा विभाग) शांत आहे, उघडला आहे की कोणी वायर कापली किंवा शॉर्ट केली, हे ओळखतं. जुना सेन्सर फेकताना हे रेझिस्टर त्याच्याबरोबर कचऱ्यात जातात, आणि नवा जोडल्यावर झोन शांतच होत नाही. दोन रेझिस्टर असतील तर एक बहुधा अलार्म संपर्काला समांतर असतो आणि दुसरा टॅम्परच्या वाटेत एकसर. तीच रचना नव्यात हवी. चार पट्ट्यांचा असेल तर लाल-लाल-लाल म्हणजे 2.2 किलोओहम, पिवळा-जांभळा-लाल म्हणजे 4.7, हिरवा-निळा-लाल म्हणजे 5.6. काही नव्या सेन्सरमध्ये रेझिस्टर आतच असतात आणि जंपरने (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोपीने) निवडता येतात. तसे वापरायचे तर बाहेरचे लावू नका. सोय म्हणून रेझिस्टर पॅनलच्या टोकाला कधीच लावू नका. मग मधल्या वायरवर पहाराच उरत नाही.

पुरवठा बंद असताना लूप (पॅनल ते सेन्सर वायरची वाट) मल्टिमीटरवर उघडा दिसला तर घाबरू नका. बहुतेक पीआयआरचा रिले वीज गेली की उघडतो.

जागा शक्यतो तीच ठेवा, पण आधी ती बरोबर आहे का ते पाहा. सेन्सर समोरून चालत येणाऱ्यापेक्षा आडवं जाणाऱ्याला चांगला ओळखतो, म्हणून कोपरा उत्तम. उंची साधारण 2.1 ते 2.4 मीटर, तरी पत्रकातली उंची अंतिम माना. समोर उन्हाची खिडकी किंवा एसीचा झोत नको. वायर येते ते भोक सिलिकॉनने बुजवा. तिथून वारा आणि मुंग्या आत शिरतात, आणि खोट्या अलार्मचं ते एक खरं कारण आहे.

पुन्हा बॅटरी आणि वीज जोडा, झाकण लावा, सेन्सर स्थिर व्हायला मिनिटभर थांबा. मग वॉक टेस्ट घ्या: खोलीच्या प्रत्येक टोकातून नेहमीच्या चालीने जा, आणि कीपॅडवर तोच झोन दिसतोय ना ते पाहा. झाकण उघडून टॅम्परही तपासा. सगळं जमलं की सेन्सरचा लाल दिवा जंपरने बंद करा, कारण तो चालू राहिला तर सेन्सरला कुठवर दिसतं हे कोणालाही कळतं.