विशलिस्टमधलं सगळं एकदम कार्टमध्ये टाकताय? या चुका टाळा

विशलिस्टमध्ये पंधरा-वीस वस्तू साठल्या की एकेक उघडून कार्टमध्ये टाकत बसायचा कंटाळा येतो, त्यामुळे 'सगळं कार्टमध्ये टाका' असं बटण दिसलं की आपण लगेच दाबतो. बटण कामाचंच आहे, वेळ वाचतो, फक्त ते दाबून थेट पेमेंटला जाऊ नका, कारण सगळं म्हणजे खरोखर सगळं गेलेलं असतंच असं नाही.

सगळ्यात जास्त घोळ साइज आणि रंगाचा होतो. आवडलं म्हणून आपण नुसतं हार्ट दाबून ठेवतो, साइज निवडलेलीच नसते, मग बटण दाबल्यावर साइटला कळत नाही की नक्की कुठला पीस घ्यायचा आणि ती वस्तू मागेच राहते. मेसेज येतो, नाही असं नाही, पण तो पानाच्या अगदी वर छोट्या पट्टीत येतो आणि मोबाइलवर खाली स्क्रोल केलेलं असेल तर दिसतसुद्धा नाही. माझ्या भाचीच्या वाढदिवसाला मी १४ वस्तूंची लिस्ट केली होती, त्यातल्या ११च कार्टमध्ये गेल्या आणि राहिलेल्या तीन वस्तूंत तिला हवे असलेले बूट होते, हे कळलं ते पार्सल उघडल्यावर. फार वाईट वाटलं. तेव्हापासून आधी विशलिस्टमधल्या वस्तू मोजते, नंतर कार्ट उघडून मोजते. कार्टच्या आयकॉनवरच्या आकड्यावर जाऊ नका, काही साइट्स तिथे वस्तू किती प्रकारच्या ते दाखवतात आणि काही एकूण नग.

मॅजेन्टोवर (ऑनलाइन दुकानं बनवायचं सॉफ्टवेअर) बनवलेल्या दुकानांत एक सोय असते, कार्टमध्ये गेलेली वस्तू विशलिस्टमधून निघून जाते आणि न गेलेली तिथेच राहते, म्हणजे उरलेली लिस्ट बघितली की काय सुटलंय ते लगेच कळतं. पण ती लिस्ट पुढेही लागणार असेल तर आधी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

दुसरी चूक म्हणजे पान हळू चाललंय म्हणून बटण परत परत दाबणं. बऱ्याच ठिकाणी प्रत्येक दाबण्याला नग वाढतो, आणि वस्तू आधीपासून कार्टमध्ये असली तरी एकाचे दोन होतात. थांबा, पान रिफ्रेश करा, कार्ट बघा, मगच परत दाबा.

आणि हे नीट लक्षात घ्या की विशलिस्ट म्हणजे बुकिंग नाही. किंमत ठेवली तेव्हाची नाही, आजची लागते, आणि बहुतेक साइट्सवर कार्टमध्ये टाकल्यानेही स्टॉक तुमच्यासाठी अडवून ठेवला जात नाही. सेलर वेगवेगळे असतील तर डिलिव्हरी चार्जही वेगवेगळा लागू शकतो, तो शेवटच्या पानावर बघाच.

लॉगिनचं मात्र मनावर घ्या. लॉगिन न करता केलेली विशलिस्ट बरेचदा फक्त त्या ब्राउझरमध्येच असते, प्रायव्हेट विंडो बंद केली की गेली. आयफोन-मॅकवरच्या सफारी ब्राउझरमध्ये तर २०२० पासून असा नियम आहे की ७ दिवस ब्राउझर वापरला पण त्या साइटवर फिरकलाच नाहीत, तर साइटने ब्राउझरमध्ये साठवलेला असा डेटा पुसला जातो. उलट लॉगिन केल्यावर अकाउंटमधलं जुनं कार्ट नव्यात मिसळतं आणि कधीतरी टाकून विसरलेल्या वस्तू बिलात येतात, म्हणून आधी लॉगिन, मग जुनं कार्ट रिकामं, मग विशलिस्ट.

बटण दाबून काहीच होत नसेल तर आधी ॲड ब्लॉकर बंद करून बघा, दुसऱ्या ब्राउझरमध्ये किंवा ॲपमध्ये बघा, आणि चार-पाच वस्तू निवडून थोड्या थोड्या टाका, म्हणजे नक्की कुठली अडतेय ते सापडतं, बहुधा ती स्टॉक संपलेली निघते. कुकीज क्लिअर करा असं कोणी सांगितलं तर त्याआधी लॉगिन केलंय ना आणि लिस्ट अकाउंटमध्ये दिसतेय ना ते तपासा, नाहीतर कुकीजसोबत विशलिस्टही जाईल.